गॅरेजातली उंची आणि वळणातली उंची

प्रश्न : मी आणि माझा धाकटा भाऊ घरी संगणकाला स्टिअरिंग व्हील जोडून ‘असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ खेळतो. गाडी जितकी खाली तितकी ती रस्त्याला धरून राहते, असं सगळे सांगतात. म्हणून मी सेटअपमध्ये जीटी३ गाडीची पुढची आणि मागची दोन्ही उंची अगदी कमी करून टाकली. सरळ रस्त्यावर थोडा वेग वाढला. पण स्पाच्या वेगवान वळणांत गाडी वळायचंच नाकारते, आणि मोंझाला पहिल्या वळणासाठी जोरात ब्रेक लावला की मागून गरकन फिरते. मग उंची किती ठेवायची? आणि हे गेमवाल्यांनी घातलेलं काही आहे की खऱ्या गाडीचंही असंच होतं?
— एक वाचक, लाटंबार्से (डिचोली)

उत्तर : आधी तुमच्या शेवटच्या शंकेचं उत्तर देतो. खऱ्या गाडीचंही अगदी असंच होतं. या काही मिलिमीटरांपायी फॉर्म्युला वनमधल्या मोठमोठ्या चालकांचे निकाल रद्द झालेले आहेत. त्याकडे पुढे येतोच.

सेटअपच्या पडद्यावर तुम्ही जो आकडा भरता तो गाडी गॅरेजात उभी असतानाचा आहे. गाडी धावायला लागली की हवा तिला खाली दाबते, स्प्रिंगा दबतात आणि उंची बदलते. प्रत्येक वेगाला ती वेगळी असते. ब्रेक लावताना वेगळी, चढ सुरू होताना वेगळी. म्हणून ‘उंची किती ठेवू’ असं विचारण्याऐवजी ‘मला ज्या वळणात पकड हवी आहे त्या वळणात गाडी किती उंचीवर असेल’ असं विचारायचं. गॅरेजातला आकडा मग त्यावरून मागे मोजत काढायचा.

खाली घेतल्याने फायदा का होतो ते आधी पाहू. डिचोली तालुक्यातून तिळारीचा कालवा जातो. कालव्याचं पात्र जिथे अरुंद होतं तिथे तेवढंच पाणी कमी जागेतून काढायचं असल्याने त्याची ओढ वाढते. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या हवेचं असंच आहे. पोट आणि रस्ता यांतली फट लहान झाली की तिथली हवा वेगाने पळते, आणि वेगाने पळणाऱ्या हवेचा दाब कमी होतो. हे डॅनिएल बर्नूलीने १७३८ मध्येच लिहून ठेवलं होतं. वरची हवा नेहमीच्या दाबाने रेटते, खालची कमी दाबाने. या फरकाने गाडी रस्त्यावर दाबली जाते. तोच डाउनफोर्स. टायरवर दाब वाढला की पकड वाढते आणि त्यासाठी गाडीचं वजन वाढवावं लागत नाही, ही त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट.

पण फट लहान करत नेली की डाउनफोर्स वाढतच राहील, असं नाही. एका मर्यादेपर्यंत तो वाढतो, मग थांबतो आणि पुढे घसरतो. रस्त्यालगतचा आणि गाडीच्या पोटालगतचा हवेचा थर मंदावलेला असतो. फट फारच बारीक झाली की हे मंद थर एकमेकांत मिसळतात आणि हवेला मोकळी वाट उरत नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठात जोनाथन झेरिहान आणि शिन झांग यांनी २००० च्या सुमारास रेसगाडीचा पुढचा पंख फिरत्या पट्ट्यावर, वेगवेगळ्या उंचीवर ठेवून मोजमापं केली. त्यांच्या आलेखात हेच दिसतं : जमिनीकडे जाता जाता डाउनफोर्स चढत जातो, एका उंचीवर शिखर गाठतो आणि त्याखाली कोसळतो. तुम्ही दोन्ही आकडे तळाला नेले तेव्हा गाडीला या शिखराच्या पलीकडच्या उतारावर नेऊन ठेवलंत, निदान वेगाच्या वळणांत तरी.

थोडं गणित करू, त्याशिवाय याचा अंदाज येत नाही. पुढचे आकडे सोयीसाठी घेतले आहेत, कुठल्या एका गाडीचे नाहीत. समजा, पुढच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून ३० किलो भाराला १ मिमी दबतात, आणि ताशी २०० किमीला हवा पुढच्या चाकांवर ३०० किलो भार टाकते. म्हणजे २०० च्या वेगाला नाक १० मिमी खाली गेलं. हा भार वेगाच्या वर्गाने बदलतो. म्हणून १०० च्या वेगाला तो अर्धा नाही, पाव होतो : ७५ किलो, फक्त अडीच मिमी. आणि २५० ला तो जवळजवळ ४७० किलो होतो, म्हणजे साडेपंधरा मिमी. तुम्ही पुढची उंची ५० मिमी ठेवली असेल तर हळू वळणात गाडी ४७ वर आणि सरळ रस्त्याच्या टोकाला ३४ वर असते. तोच सेटअप, पण गाड्या जणू दोन.

आता स्पाचा ओ रूज घ्या. उतार संपून एकदम उभा चढ लागतो, आणि त्या खोलगट भागात गाडी स्वतःच्याच वजनाने दबते. तिथे वजन क्षणभर दीडपट झालं आणि पुढच्या चाकांवर एरवी ६५० किलो असतील, तर आणखी सव्वातीनशे किलोंची भर पडली. अकरा मिमी आणखी गेले. ३४ मधून ११ वजा, उरले २३. या २३ मिमीत गाडीचं कलणं, कर्बचा उंचवटा आणि चाकांच्याही पुढे आलेली नाकाखालची सपाट पट्टी, म्हणजे स्प्लिटर, एवढं सगळं बसवायचं आहे. ते बसत नाही. स्प्लिटर रस्त्याला घासला की गाडीचं वजन टायरांऐवजी स्प्लिटर पेलू लागतो, पुढच्या टायरांवरचा भार निघून जातो, आणि स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळच जाते. तुमची गाडी वळायचं नाकारते ती इथे.

मागची बाजू हा दुसरा अर्धा भाग, आणि मला वाटतं बहुतेक खेळाडू इथेच कमी लक्ष देतात. रेसगाडीची मागची उंची पुढच्यापेक्षा जास्त ठेवतात. या फरकाला रेक म्हणतात. नाक खाली आणि शेपूट वर अशा ठेवणीने पोटाखालची हवा पुढे अरुंद फटीतून शिरते आणि मागे तळाच्या वर चढत गेलेल्या भागात, म्हणजे डिफ्यूजरमध्ये, पसरत बाहेर पडते. मागची उंची दोन मिमी वाढवली की स्प्लिटर जमिनीकडे झुकतो आणि डाउनफोर्सचा तोल पुढे सरकतो : गाडी वळायला तयार, पण मागून हलकी. मागची उंची कमी केली की उलट. म्हणजे मागचा आकडा बदलून तुम्ही पुढच्या चाकांची पकड बदलत असता. फार वर नेलं तर डिफ्यूजरखालची हवा तळापासून सुटते आणि बाजूंनी बाहेरची हवा आत घुसते, मग मागचा दाब अचानक जातो. त्यालाही मर्यादा आहे.

रेकसुद्धा वेगाबरोबर बदलतो. मागच्या चाकांवर पंखाचा मोठा भार असतो. स्प्रिंगा दोन्हीकडे सारख्या असतील तर शेपूट नाकापेक्षा जास्त बसतं. उभ्या गाडीत २० मिमी असलेला रेक २५० च्या वेगाला १२ वर येऊ शकतो. त्यामुळे हळू वळणात छान वळणारी गाडी वेगाच्या वळणात आडमुठी होते. खेळाडू मग पंखाचा कोन वाढवतो, मागचा भार आणखी वाढतो, शेपूट आणखी बसतं आणि दुखणं वाढतं. अशा वेळी मागची उंची एक-दोन मिमी वर घेऊन पाहावी, किंवा मागची स्प्रिंग थोडी कडक करावी.

मोंझाला ब्रेक लावताना गाडी का फिरते ते आता सहज कळेल. २५० च्या पुढच्या वेगाने येऊन तुम्ही ब्रेकवर पाय दाबता. नाक खाली जातं, शेपूट वर येतं. स्प्लिटर जमिनीजवळ गेल्याने त्याचा दाब वाढतो, मागचे टायर हलके होतात, आणि वेग उतरतोय तसा मागच्या पंखाचा दाबही वर्गाने घटतो. त्याच क्षणी तुम्ही स्टिअरिंग वळवता. गाडी वरच्या उंचीवर असती तर नाकाच्या पाच-सहा मिमी झुकण्याने फार फरक पडला नसता. तळाजवळ मात्र तेवढंच झुकणं तोल उलटवून टाकतं, कारण फट जितकी लहान तितका एकेका मिलिमीटरचा परिणाम मोठा. उत्तम सेटअप म्हणजे सर्वांत जास्त डाउनफोर्स, अशी समजूत सोडा. चालकाला उद्या, परवा आणि पुढच्या फेरीतही तोच अनुभव देणारा डाउनफोर्स हवा असतो.

उभी गाडी आणि धावती गाडी यांतला हा फरक १९८१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये चांगलाच गाजला. त्याआधी लोटसने ७८ आणि ७९ या गाड्यांच्या बगलांत उलट्या पंखांसारखे आकार बसवले होते, कडेला जमिनीपर्यंत सरकत्या झालरी लावून फट बंद केली होती, आणि १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती विजेता झाला होता. वळणांतले वेग धोकादायक वाढले. १९८१ च्या हंगामासाठी सरकत्या झालरींवर बंदी आली आणि गाडीखाली निदान ६० मिमी मोकळी जागा हवी असा नियम झाला. पण ती जागा मोजायची कधी? गाडी उभी असताना. ब्राबॅमचा अभियंता गॉर्डन मरे याने तेवढंच पकडलं. त्याने सस्पेन्शनमध्ये अशी द्रवाची व हवेची रचना केली की वेग घेताच डाउनफोर्सने गाडी दबून खाली बसायची आणि वळणांतही लगेच वर यायची नाही. परत येताना हळू चालवली की सावकाश ६० मिमीवर यायची. मोजणाऱ्याला नियमाप्रमाणे उंची मिळत होती. त्या गाडीने नेल्सन पिके अर्जेंटिनाची शर्यत जिंकला आणि त्याच वर्षी विश्वविजेताही झाला. नियमाच्या भावनेला हे धरून होतं का, यावर तेव्हा कडाक्याचे वाद झाले. मला मात्र मरेची ती दृष्टी थोर वाटते : सगळे उभ्या गाडीकडे बघत असताना तो धावत्या गाडीकडे बघत होता.

१९९४ मध्ये इमोलाच्या शर्यतीतल्या जीवघेण्या अपघातांनंतर उंचीवर लक्ष ठेवायला साधा उपाय आला. त्या वर्षीच्या जर्मन ग्राँप्रीपासून गाडीच्या पोटाला १० मिमी जाडीची फळी बसवणं सक्तीचं झालं. शर्यतीत ती १ मिमीपेक्षा जास्त घासली की निकाल बाद. महिन्याभरात बेल्जियमला मायकेल शूमाकरचा विजय याच कारणाने गेला. २०२३ मध्ये ऑस्टिनला लुईस हॅमिल्टनचा दुसरा आणि शार्ल लक्लेरचा सहावा क्रमांक गेला. तो रस्ता उंचसखल आहे, आणि त्या आठवड्यात स्प्रिंट शर्यत असल्याने सेटअप कुलूपबंद होण्यापूर्वी सरावाला एकच तास मिळाला होता. जगातले सर्वांत हुशार अभियंते, हाताशी हवं तेवढं सिम्युलेशन, आणि चूक एखाद्या मिलिमीटरची. २०२२ मध्ये पोटाखालच्या दाबावर भर देणाऱ्या नव्या गाड्या आल्या तेव्हा मर्सिडीजची गाडी सरळ रस्त्यावर उड्या मारू लागली. खाली ओढली जायची, फट बंद होऊन दाब तुटायचा, वर उसळायची, पुन्हा ओढली जायची. बाकूच्या शर्यतीनंतर हॅमिल्टनला पाठ धरून गाडीतून उतरावं लागलं. पुढच्या वर्षी नियम करून तळाच्या कडा १५ मिमी वर घेतल्या गेल्या.

नाक वर गेलं तर काय होतं, तेही सांगतो. १९९९ च्या ल मांला मर्सिडीजची सीएलआर ही गाडी उंचवट्यावरून जाताना नाकाखाली हवा शिरून उलटली. पात्रता फेरीत आणि शर्यतीच्या सकाळी मार्क वेबर तिच्यात होता, शर्यतीत पीटर डम्ब्रेक. डम्ब्रेकची गाडी हवेत फिरत झाडांपलीकडे गेली. दोघेही वाचले. पोटाखालून मिळणारा दाब गाडीच्या झुकण्यावर किती अवलंबून असतो, याचं इतकं भयंकर उदाहरण दुसरं नाही.

आता तुमच्या संगणकाकडे वळू. गेम हवेचा प्रत्येक झोत मोजत बसत नाही, घरच्या यंत्राला ते झेपणारही नाही. तो तक्ते वापरतो : पुढची उंची इतकी, मागची इतकी, तर दाब इतका. जुन्या ‘असेट्टो कोर्सा’मध्ये भौतिकीचं गणित सेकंदाला ३३३ वेळा होतं, आणि हौशी लोकांनी बनवलेल्या अनेक गाड्यांच्या फोल्डरमध्ये हे तक्ते साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. नोटपॅडमध्ये उघडून पाहा. उंची आणि दाबाची जोडी ओळीने लिहिलेली सापडेल, आणि कागदावर आलेख काढलात तर शिखर कुठे आहे ते डोळ्यांनी दिसेल. भावाला सोबत घेऊन हे नक्की करा.

तुमच्या गेममध्ये तक्ते झाकलेले आहेत, पण टेलिमेट्री, म्हणजे धावत्या गाडीच्या मोजमापांची नोंद, उघडी आहे. सेटअपच्या इलेक्ट्रॉनिक्स पानावर टेलिमेट्रीच्या किती फेऱ्या नोंदवायच्या ते ठरवता येतं. त्या फाइली मोटेकच्या आय२ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. आयरेसिंग खेळणाऱ्यांना काही गाड्यांत गॅरेजच्या पडद्यावरच एरो कॅल्क्युलेटर मिळतो. त्यात धावतानाची उंची भरली की दाब आणि पुढचा-मागचा तोल दिसतो.

मी तुमच्या जागी असतो तर गाडी आधी सुरुवातीच्या तयार सेटअपवर परत नेली असती. स्पाला पाच-सहा फेऱ्या सारख्या वेळेच्या झाल्या की ओ रूजच्या तळाशी नाक किती खाली जातं ते टेलिमेट्रीत पाहायचं. स्प्लिटर घासत नसेल तर पुढची उंची एका मिमीने कमी करून पुन्हा धावायचं. ज्या आकड्याला घासण्याची खूण दिसू लागेल त्याच्या एक-दोन मिमी वर थांबायचं. पुढचा आकडा ठरला, आता त्याला हात लावायचा नाही. मग पूआँसारख्या लांब, वेगवान वळणात गाडी पुढून सुटते की मागून ते बघत फक्त मागची उंची हलवायची. पुढून सुटली तर मागचं वर, मागून सुटली तर खाली. हळू वळणातल्या तक्रारी उंचीवर काढू नका. ताशी ७० च्या वळणात हवेचा दाब इतका थोडा असतो की तिथे अँटी-रोल बार, डिफरन्शियल आणि तुमचा पायच काम करतो.

स्प्रिंग मऊ केली की धावतानाची उंची खाली जाणार, तेव्हा गॅरेजातली उंची वर घ्यावी लागेल. कडक केली तर उलट. सगळंच कडक केलं तर गाडी एका उंचीवर स्थिर राहते, पण कर्बवर उडते. यातून वाट काढायला बंप स्टॉप आहेत. हळू वळणात मऊ स्प्रिंग काम करते, आणि वेगात गाडी दबली की रबरी बंप स्टॉप भार घेऊन तिला आणखी खाली जाऊ देत नाही. मात्र तो वळणाच्या मध्यावर एकदम लागला तर गाडी दचकते, तेव्हा त्याची मोकळी जागा क्लिक-क्लिकने कमी करत जा. इंधनाची काळजी फार नको. ६० लिटर म्हणजे साधारण ४५ किलो. आपल्या वरच्या गणितात ते जळून संपलं तर गाडी पाऊण मिमी वर येते.

ट्रॅकप्रमाणे आकडे बदलतात हेही लक्षात ठेवा. गुळगुळीत रस्त्यावर चालणारी उंची २०.८ किमी लांबीच्या नॉर्डश्लाइफेवर चालणार नाही. भारतातल्या इंडियन रेसिंग लीगमध्ये गोव्याच्या नावाचा ‘गोवा एसेस’ हा संघ आहे. त्या लीगच्या गाड्या २०२४ मध्ये चेन्नईच्या आयलंड ग्राउंड्सभोवती साडेतीन किमीच्या शहरी रस्त्यांवर धावल्या. इरुंगाट्टुकोट्टईच्या कायम ट्रॅकवरचा सेटअप तसाच उचलून तिथे नेता येत नाही. पुढे अभियांत्रिकीला गेलात तर मुंबईच्या सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग किंवा आयआयटी मुंबईचा रेसिंग संघ पाहा. तिथले विद्यार्थी गाडी स्वतः बांधतात आणि तुम्ही आज विचारलेला प्रश्न खऱ्या पंखांवर आणि खऱ्या रस्त्यावर सोडवतात.

प्रश्न : मग आमची घरची हॅचबॅक दोन इंच खाली घेतली तर ती वळणात जास्त धरेल का? मुलगा मागे लागला आहे.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही, आणि मुलाला हे समजावून सांगा. घरच्या गाडीचं पोट सपाट नसतं. सायलेन्सर, इंधनटाकी, नळ्या यांनी ते खडबडीत असतं. तिथे हवेचा दाब कमी करून उपयोगी डाउनफोर्स मिळत नाही. बहुतेक प्रवासी गाड्या वेगात थोड्या वरच उचलल्या जातात. खाली घेतल्याने गुरुत्वमध्य खाली येऊन कलणं थोडं कमी होईल, पण त्यासाठी तुम्ही सस्पेन्शनची हालचाल गमावता. आपल्या गाड्यांना १६० ते २०० मिमी उंची दिलेली असते ती पावसाळ्यातले खड्डे आणि गावोगावचे गतिरोधक पाहून. ती कमी केली की खड्ड्यात सस्पेन्शन तळाला आपटेल आणि त्या क्षणी टायरची पकड जाईल, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. मुलाला हौस असेल तर तेवढ्या पैशात चांगले टायर घ्या आणि हवा दर पंधरा दिवसांनी थंड टायरवर तपासायला शिकवा. पकडीत फरक त्याने पडेल.